गणित विभागात बी.एस्सी.च्या पोरांना एक खुर्ची मिळेल का?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. ज्यांना विद्यापीठ, गणित, बी.एस्सी. यातल्या कशातच रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं. पण ज्यांची मुलं, भाच्या, पुतणे आत्ता कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करतायत, त्यांनी जरा थांबा.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातली ११ मुलं घेऊन मी विद्यापीठाच्या गणित विभागात गेले होते. सकाळी सहाची एस.टी., अडीच तासांचा प्रवास. मुलींना अर्धं तिकीट, मुलांना पूर्ण, आणि डबे सगळ्यांचे घरचे. विभागात बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, संख्याशास्त्र नव्हे, संख्यांचं शास्त्र, म्हणजे नंबर थिअरी. नोटीस मला एका जुन्या विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. नोटिशीत 'सर्वांना निमंत्रण' असंच लिहिलं होतं.

दारात विचारणा झाली, "पी.जी.चे का?"

म्हटलं, नाही, बी.एस्सी.चे आहेत, टी.वाय. आणि एस.वाय.

"मग मॅडम, हे यू.जी.वाल्यांसाठी नाहीये. तुमच्या प्राचार्यांचं पत्र आणलंय का? विभागप्रमुखांची परवानगी?"

पत्र नव्हतं. विभागप्रमुख मीटिंगला गेलेले. मी दारातून आत डोकावले. साठ-सत्तर खुर्च्यांचा हॉल, पहिल्या तीन रांगांत मिळून पंधराएक माणसं. बाकीच्या खुर्च्यांवर पंख्याची हवा. पंधरा मिनिटं मी विनवण्या केल्या, मग मुलांसमोर आणखी शोभा नको म्हणून आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो.

विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. नाव लिहिलं की दोन दिवस त्या एका माणसाला शिव्या पडतील, कदाचित दारावरच्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यालाच मेमो मिळेल, आणि मूळ गोष्ट आहे तिथेच राहील. मूळ गोष्ट ही की असं बहुतेक ठिकाणी होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. आपल्याकडे विद्यापीठाचा गणित विभाग म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. पदवीची मुलं विद्यापीठाची असतात ती फक्त मार्कशीटवर. शिकतात संलग्न कॉलेजात. तिथे गणिताला दोन किंवा तीन शिक्षक, त्यातला एखादा तासिका तत्त्वावर, वर्षातले काही महिने पगाराशिवाय. आम्ही सिलॅबस पूर्ण करतो, प्रॅक्टिकलच्या जर्नल तपासतो, नॅकच्या फायली भरतो. गणितात नवीन काही करणारा माणूस, म्हणजे ज्याच्या फळ्यावर आज अर्धवट सुटलेला प्रश्न आहे असा माणूस, आमच्या मुलांना तीन वर्षांत एकदाही दिसत नाही. केमिस्ट्रीच्या मुलाला निदान लॅबचा वास तरी येतो. गणिताला उपकरणं लागत नाहीत. फळा, लायब्ररी आणि बोलायला माणूस, एवढंच लागतं. आणि या तिन्ही गोष्टी ज्या इमारतीत आहेत, तिथे पदवीच्या मुलाने जायचं तर प्राचार्यांचं पत्र हवं.

आता कँटीनची गोष्ट.

आमच्यातला एस.वाय.चा एक मुलगा गेले चार महिने कापरेकरांच्या मागे लागलाय. ६१७४ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेला असतो. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नसलेली. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि आले ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच. या पोराने विचारलं, पाच आकडी घेतली तर? कॉलेजच्या लॅबमध्ये बसून त्याने पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला दिसलं की पाच आकड्यांत एकच संख्या मिळत नाही, फेरे लागतात. ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. बैलाने घाण्याभोवती फिरावं तसं. असे एकूण तीन फेरे त्याला सापडले. मग तो माझ्याकडे आला, "मॅडम, असं का?"

मी त्याला नीट उत्तर देऊ शकले नाही. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आठवड्याला अठरा तास, त्यात सहा वेगवेगळे पेपर शिकवणाऱ्या माणसाकडे प्रत्येक 'का'चं उत्तर असेलच असं नाही. पण उत्तर नसेल तर ते कुठे मिळेल तिथे मुलाला नेणं, एवढं तरी मी करू शकते. त्यासाठीच गेले होते.

कँटीनमध्ये तो नोटीस पाठवणारा जुना विद्यार्थी आला, एम.एस्सी. पार्ट टू. व्याख्यान अर्ध्यात सोडून आला, तेही आमच्यामुळेच. त्याने त्या पोराची वही ओढून घेतली आणि एका बाजूला लिहायला लागला. पाच आकडे उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ, च धर. उलटे लावून वजा कर. मधला ग उडून जातो, बघ. उरतं काय? ९९९९ गुणिले (क वजा च) अधिक ९९० गुणिले (ख वजा घ). म्हणजे संख्या कुठलीही घे, पहिल्या वजाबाकीनंतर जे येतं ते फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याएवढा. मोज किती जोड्या. पोराने मोजल्या, ५४. जवळजवळ एक लाख संख्या, आणि एका वजाबाकीत उरल्या जास्तीत जास्त ५४! मग त्या ५४ कुठे कुठे जातात ते हातानेही तपासता येतं, कॉम्प्युटर लागतच नाही.

मी त्या पोराचा चेहरा बघत होते. चार महिने कॉम्प्युटर फिरवून जे दिसलं होतं, ते का होतं त्याचा पहिला धागा त्याला वीस मिनिटांत, चहाच्या डागाच्या टेबलावर मिळाला. आणि तो देणारा प्रोफेसर नव्हता, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, आमच्याच तालुक्यातला मुलगा होता.

विद्यापीठात काम करणारे माझे मित्र ही पोस्ट वाचतील आणि म्हणतील, "अगं, आमच्याकडे निम्म्या जागा रिकाम्या आहेत, यू.जी.कडे कोण बघणार?" मान्य. जागा भरत नाहीत हे सरकारचं पाप आहे आणि त्यावर मी वेगळी पोस्ट लिहीन, आधीही लिहिली आहे. पण मी प्राध्यापकांचा वेळ मागतच नाहीये. तुमच्या विभागात एम.एस्सी.ची मुलं आहेत ना? शिकागो विद्यापीठात त्यांच्या गणित विभागातल्या पीएच.डी.च्या मुलांनी एक पद्धत सुरू केली, डायरेक्टेड रीडिंग. पीएच.डी.चा एक विद्यार्थी आणि पदवीचा एक विद्यार्थी मिळून एक पुस्तक वाचतात, आठवड्याला एकदा भेटतात, शेवटी पदवीचा विद्यार्थी सगळ्यांसमोर थोडा वेळ बोलतो. मार्क नाहीत. अमेरिकेत ती कितीतरी विद्यापीठांनी उचलली. यात पैसा कुठे लागतो? इमारत कुठे लागते? आमच्या कँटीनमध्ये जे झालं ते हेच होतं, फक्त विभागाच्या नकळत आणि विभागाच्या बाहेर.

आणि परदेशाचंच उदाहरण कशाला. आपल्याकडे हे होतं. कापरेकरांनाच घ्या. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनमध्ये पदवीला होते तेव्हा, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी. नीट वाचा. पदवीच्या विद्यार्थ्याला, स्वतंत्र कामासाठी. सर्वाधिक गुणांसाठी नव्हे. १९२९ ला ते पदवीधर झाले, पुढे शिकले नाहीत, देवळालीत शाळामास्तर राहिले आणि जन्मभर संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ ला आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. त्या माणसाला वीस-बावीसाव्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं की तू केलेलं हे 'काम' आहे. आज आमच्या पोराला ते कोण सांगणार? त्याच्या अंतर्गत गुणांत पायथॉनच्या त्या चार महिन्यांना शून्य मार्क आहेत.

दुसरे श्रीराम अभ्यंकर. बीजगणितीय भूमितीतलं मोठं नाव, पुढे जन्मभर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते बी.एस्सी. करत होते, १९५१ ला झाले. त्या काळात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च नुकतीच कुठे उभी राहत होती, आणि हा बी.एस्सी.चा मुलगा तिथे व्याख्यानं ऐकायला जाऊन बसायचा. 'यू.जी.वाल्यांसाठी नाहीये' म्हणून त्याला दारातून परत पाठवलं असतं तर? याच अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, जिथे शाळेच्या पोरांपासून संशोधकांपर्यंत सगळे येतात. दार उघडं मिळालेला माणूस पुढे दार उघडं ठेवतो, असं मला उगीचच वाटतं. उगीचच म्हणते कारण पुरावा नाही माझ्याकडे.

आणि एस. कुमरेसन. तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागात प्राध्यापक होते. त्यांनी १९९३ मध्ये एम.टी.टी.एस. सुरू केलं, पदवीच्या आणि एम.एस्सी.च्या मुलांसाठी उन्हाळ्यात चार आठवड्यांचं शिबिर. लेक्चर ठोकून निघून जायचं नाही, मुलांना प्रश्न विचारत विचारत त्यांच्याकडूनच सिद्धता काढून घ्यायची. ही गोष्ट आपल्याच एका विद्यापीठाच्या माणसाने करून दाखवलेली आहे, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा 'आपल्याकडे जमत नाही' हे मला सांगू नका.

आता माझ्या बाजूचं पाप. मी एम.टी.टी.एस.बद्दल ऐकलं ते नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर. त्यानंतर एकदा त्याची नोटीस कॉलेजला आली, ती साहेबांच्या टेबलावरून क्लार्ककडे, क्लार्ककडून माझ्याकडे येईपर्यंत शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. मी ती तशीच बोर्डावर लावली. का लावली देव जाणे. माधव गणित स्पर्धा, जी खास पदवीच्या मुलांसाठी पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि होमी भाभा सेंटर घेतात, तिला पहिली काही वर्षं मी एकही मूल बसवलं नाही, कारण 'आपल्या मुलांना कुठे झेपणार'. तेच वाक्य. विद्यापीठाच्या दारात मला जे ऐकायला मिळालं त्याचाच हा आमच्याकडचा अवतार. जेव्हा बसवली तेव्हा तीन मुलांना दोन-दोन मार्क पडले आणि ती तिन्ही मुलं परत येताना एस.टी.त एकाच प्रश्नावर भांडत होती. इतकं भांडण माझ्या तासाला कधी झालं नव्हतं.

'समजणार नाही' याबद्दल एक सांगते. विभागातल्या व्याख्यानांना मीही बसले आहे. पहिल्या दहा मिनिटांनंतर निम्म्या खोलीला समजत नसतं, प्राध्यापक धरून. फरक एवढाच की ते मान हलवतात. पदवीच्या मुलाला त्यातला एक शब्द, एक आकृती, एक प्रश्न लक्षात राहिला तरी पुष्कळ झालं. आणि तो प्रश्न त्याने मराठीत विचारला तर कोणी हसू नये, एवढीच जास्तीची अपेक्षा.

दुसरं उत्तर मिळतं ते "हुशार मुलं आयसरला जातातच की". जातात. ज्यांच्या आईबापांना सतरा वर्षांच्या मुलासाठी क्लास लावता आला, आयसर नावाचं काही असतं हे ज्यांना बारावीच्या आधी कळलं, ती जातात. आमच्याकडे कळतं एस.वाय.ला. मग त्यांचं काय करायचं, गणित आवडायला उशीर केला म्हणून शिक्षा?

नवीन शैक्षणिक धोरणात तर यासाठी जागासुद्धा आहे. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, सगळ्याला क्रेडिट आहेत. पण गणिताच्या मुलाने ट्रेनिंग कुठे करायचं? ओळखीतल्या सी.ए.कडे व्हाउचर लावतात, नाहीतर कोचिंग क्लासमध्ये ओएमआर तपासतात आणि सर्टिफिकेट आणतात. अहो, गणित विभागच का नाही 'जॉब'ची जागा? एम.एस्सी.च्या नोट्स लाटेकमध्ये टाइप करणं, पहिल्या वर्षाच्या मुलांचे स्वाध्याय तपासणं, लायब्ररीतल्या जुन्या नियतकालिकांची यादी करणं, शनिवारी आसपासच्या शाळांच्या मुलांना गणिताचे खेळ घेणं, एखादं पाठ्यपुस्तकातलं प्रकरण मराठीत आणणं. कामं ढीगभर आहेत आणि करायला माणसं नाहीत, हे तुम्हीच तर सांगता. धोरण म्हणतं पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट आहे, पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच. म्हणजे तीन वर्षं संशोधन म्हणजे काय ते दाखवायचं नाही, आणि चौथ्या वर्षी टक्के मोजून विचारायचं, करतोस का?

माझ्या मागण्या म्हणाल तर फार छोट्या आहेत. विभागाच्या प्रत्येक व्याख्यानाची नोटीस संलग्न कॉलेजांच्या गणित शिक्षकांच्या ग्रुपवर टाका. कॉलेजच्या ओळखपत्रावर हॉलमध्ये आणि लायब्ररीच्या वाचनकक्षात बसू द्या, पुस्तक घरी देऊ नका हवं तर. आठवड्यात एक तास एखादी खोली उघडी ठेवा जिथे कोणीही प्रश्न घेऊन येईल आणि एम.एस्सी.ची दोन मुलं बसलेली असतील. बाकी नंतर बघू.

आणि मुलांनो, तुम्हीही बोलावण्याची वाट बघू नका. 'सर मला गणितात खूप रुची आहे, कृपया मार्गदर्शन करावे' असे ईमेल कोणी उघडत नाही, मीही उघडत नाही. अमुक पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातला हा प्रश्न, मी इथपर्यंत आलो, इथे अडलो, असं लिहा. वहीच्या पानाचा फोटो जोडा. दहापैकी आठ जण उत्तर देणार नाहीत. दोघं देतील. केंब्रिजमध्ये पदवीच्या मुलांनी १९३५ साली स्वतःची गणित संघटना काढली, आर्किमिडियन्स, आणि १९३९ पासून 'युरेका' नावाचं नियतकालिक चालवलं. तुम्हाला नियतकालिक नको, चार जण आणि एक रिकामा वर्ग पुरे. वर्गाची किल्ली शिपाईकाकांकडे असते. ते प्राचार्यांपेक्षा लवकर ऐकतात, स्वानुभव.

एक गोष्ट लिहू की नको असं करत शेवटावर ठेवली.

त्या दिवशी आमच्याबरोबर एक पालकही होते. टी.वाय.च्या एका मुलीचे वडील, गावात शिलाईचं दुकान आहे त्यांचं. मुलगी वर्गात पहिली वगैरे नाही, पण सिद्धता अर्धवट ठेवलेली तिला चालत नाही, तास संपल्यावर थांबून विचारते. तिला एम.एस्सी. करायचंय. घरी बोलणं चाललंय की बँकेच्या परीक्षांचा क्लास लावावा, नाहीतर 'स्थळं बघायला लागू'. मी वडिलांना म्हटलं होतं, भाऊ, एकदा चला, विभाग बघा, पोरगी दोन वर्षं कुठे बसणार आहे ते डोळ्यांनी बघा, मग ठरवा. दुकान बंद ठेवून आले बिचारे.

दारात जे झालं ते त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. कँटीनमध्ये आमची वही चालू होती तेव्हा ते बाहेर झाडाखाली उभे होते. परतीच्या एस.टी.त माझ्या पुढच्या सीटवर बसले होते, अर्ध्या रस्त्यात मागे वळून म्हणाले, "मॅडम, तिथं तर आत पण घेत नाहीत. दोन वर्षं काय करंल ती तिथं?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

एम.एस्सी.च्या प्रवेशाचे अर्ज निघायला अजून वेळ आहे. पुढच्या महिन्यात त्याच विभागात आणखी एक व्याख्यान आहे. या वेळी मी प्राचार्यांचं पत्र घेतलंय, सही-शिक्क्यासकट, विभागाला ईमेलही केलाय, १२ विद्यार्थी आणि एक पालक येणार असं लिहून. आज नऊ दिवस झाले, उत्तर नाही. आलं की इथेच कळवते.